गाडीच्या डॅशबोर्डवरचा काटा चुकीचं दाखवतोय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टाकी फुल केली तरी पेट्रोलचा काटा तळाशीच पडून राहतो, तापमानाचा काटा विनाकारण लाल पट्ट्यावर चढतो, स्पीडोमीटर मध्येच मान टाकतो. अशी गाडी गॅरेजला नेली की बऱ्याचदा पहिल्याच मिनिटाला ऐकू येतं, "मीटर बदलावं लागेल." बहुतेक वेळा ते लागत नाही. कुठल्याही काट्यामागे तीनच गोष्टी असतात: मोजणारा सेन्सर, दाखवणारं मीटर आणि दोघांना जोडणारी वायर. वायरीत अर्थिंगही, म्हणजे करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत जायचा रस्ताही आला. या तिघांपैकी नेमकं कोण बिघडलंय हे कळण्याआधी एक रुपयाही खर्च करू नये. खालची उत्तरं जुन्या केबलवाल्या गाड्यांपासून आजच्या स्क्रीनवाल्या गाड्यांपर्यंत सगळ्यांना धरून लिहिली आहेत. जिथे फरक पडतो तिथे तो सांगितला आहे.

एकच काटा बंद आहे की सगळे, हे आधी का बघायचं?

कारण निम्मा तपास तिथेच संपतो. सगळे काटे एकदम झोपले असतील तर सेन्सर निर्दोष आहेत. टाकीतला, इंजिनावरचा आणि गिअरबॉक्सवरचा असे तीन सेन्सर एकाच सकाळी बिघडत नाहीत. अशा वेळी आधी फ्यूज बघा. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर 'मीटर' किंवा 'गेज' असं लिहिलेला फ्यूज काढून उजेडात धरा, आतली तार तुटली असेल तर दिसते. बदलताना तेवढ्याच अँपिअरचा घाला. दहाचा सारखा उडतो म्हणून वीसचा घातला तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायरिंग जळतं. फ्यूज ठीक असेल तर क्लस्टरमागचा (सगळे काटे आणि दिवे बसवलेल्या पॅनेलमागचा) कपलर, म्हणजे वायरींचा प्लग, सैल झालाय का आणि क्लस्टरचं अर्थिंग नीट आहे का, हे बघा.

एकच काटा बंद असेल तर त्या काट्याचा सेन्सर आणि त्याची वायर, इथून सुरुवात करायची. पेट्रोल आणि तापमान हे दोनच काटे बरोबरीने चुकत असतील तर तो वेगळाच प्रकार आहे, त्याचं उत्तर पुढे दिलंय.

पेट्रोलचा काटा मुळात चालतो कसा?

टाकीत एक तरंगता फ्लोट असतो. तो एका तारेच्या दांड्यावर बसवलेला असतो आणि पेट्रोलच्या पातळीबरोबर वर-खाली होतो. दांड्याच्या दुसऱ्या टोकाला एक बारीक धातूची जीभ असते, ती रेझिस्टन्सच्या, म्हणजे करंटला अडवणाऱ्या पट्टीवर घासत सरकते. फ्लोट, दांडा आणि पट्टी मिळून टाकीचं 'युनिट' होतं. पातळी बदलली की रेझिस्टन्स बदलतो, त्यामुळे वायरीतून जाणारा करंट बदलतो आणि मीटर तो करंट काट्याने दाखवतं.

गंमत अशी की हा रेझिस्टन्स कुठल्या दिशेने बदलायचा, हे प्रत्येक घराण्याने वेगवेगळं ठरवलं. जपानी पद्धतीच्या गाड्यांमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या सुझुकी घराण्यातल्या गाड्याही त्यात आल्या, टाकी फुल असताना रेझिस्टन्स अगदी कमी, ३ ते ५ ओहमच्या आसपास असतो आणि रिकामी होताना ११० ओहमच्या पुढे जातो. अमेरिकी जीएम (जनरल मोटर्स) पद्धतीत रिकाम्या टाकीला शून्य आणि फुलला ९० ओहम. जर्मन व्हीडीओ कंपनीच्या युनिटमध्ये रिकामी १० आणि फुल १८० ओहम. म्हणून "वायर काढली की काटा फुलवर जातो" हे ज्याने सांगितलं तो खोटं बोलत नसतो. त्याची गाडी वेगळ्या पद्धतीची असते, इतकंच. आपल्या गाडीची पद्धत ठाऊक नसताना दुसऱ्याच्या गाडीचा नियम लावला की चांगलं मीटर उगाच बाद ठरतं.

टाकी भरली तरी काटा हलत नाही. घरच्या घरी काय तपासता येईल?

ही चाचणी साध्या काट्याच्या, जुन्या पद्धतीच्या मीटरसाठी आहे. नव्या संगणकी क्लस्टरवर ती करू नका. बऱ्याच गाड्यांत मागची सीट उचलली की खाली एक पत्र्याचं झाकण दिसतं, त्याखाली टाकीच्या युनिटचा कपलर असतो. सीट उचलण्याआधी दारं उघडा, गाडी मोकळ्या हवेत ठेवा आणि पेट्रोलचा वास येत असेल तर काम तिथेच थांबवा.

चावी बंद ठेवून कपलर काढा, मग चावी ऑन करून काटा बघा. जपानी पद्धतीच्या गाडीत तो रिकाम्याकडे जायला हवा. आता चावी पुन्हा बंद करा. कपलरच्या गाडीकडच्या बाजूला मीटरची वायर आणि अर्थची वायर यांच्यामध्ये १२ व्होल्ट, ३.४ वॅटचा छोटा बल्ब जोडा. नंबरप्लेटच्या किंवा पार्किंगच्या बल्बच्या घराण्यातला चालतो. चावी ऑन केली की काटा हळूहळू फुलकडे सरकला पाहिजे. थेट तार जोडून शॉर्ट करण्यापेक्षा मध्ये बल्ब घालणं बरं, मीटरची कॉइल वाचते. आणि ठिणगी नको म्हणून प्रत्येक जोडणी चावी बंद असतानाच करा.

काटा हलला तर मीटर आणि वायर दोन्ही निर्दोष, दोष टाकीतल्या युनिटचा. अजिबात हलला नाही तर तीच चाचणी क्लस्टरमागच्या कपलरवर करा. तिथे हलला तर मधली वायर तुटलीय. तिथेही नाही हलला, तरच मीटरवर संशय घ्यायचा. या क्रमाने गेलं तर अर्ध्या तासात दोष कोणत्या भागात आहे ते कळतं, नवा भाग न आणता.

काटा अर्ध्यावर आला की अचानक पडतो आणि थोड्या वेळाने पुन्हा वर येतो. हे काय?

युनिटची पट्टी झिजलीय. बाहेर काढलेलं जुनं युनिट उजेडात तिरकं धरून बघा. पट्टीवर जीभ जिथून सर्वात जास्त वेळा सरकली तिथे चकाकी गेलेली, काळपट रेघ उठलेली दिसते. आपल्याकडे बरेचजण पाव ते अर्ध्या टाकीच्या मधल्या मधेच गाडी चालवतात, त्यामुळे झीजही तिथेच जास्त होते आणि काटा नेमका त्याच जागी पडतो. मल्टीमीटर (व्होल्ट आणि ओहम मोजायचं छोटं यंत्र) ओहमवर ठेवून फ्लोटचा दांडा हाताने सावकाश खालून वर न्या. आकडा सलग बदलत गेला पाहिजे. मध्येच तो गायब झाला किंवा एकदम उडी मारून पुढे गेला, की ती जागा झिजलेली आहे.

पट्टीवर नुसता काळा थर असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, मऊ सुती कापडाने पुसून बऱ्याचदा काम होतं. पॉलिश पेपर लावू नका, उरलीसुरली पट्टीही जाते. जिभेचा दाब कमी झाला असेल तर ती किंचित वाकवता येते, पण हात हलका हवा. पट्टीच खाऊन गेली असेल तर मात्र युनिट बदला. काही गाड्यांत ते पंपाच्या पूर्ण असेंब्लीसह विकतात आणि किंमत ऐकून धक्का बसतो. बऱ्याच मॉडेलचं फक्त फ्लोट-सेन्सर वेगळंही मिळतं, ते विचारल्याशिवाय पूर्ण असेंब्ली घेऊ नका.

आणखी एक शक्यता म्हणजे फ्लोटच फुटून आत पेट्रोल शिरलेलं असणं. मग तो तरंगतच नाही आणि काटा कायम रिकाम्यावर राहतो. फ्लोट कानाजवळ नेऊन हलवला तर आतला द्रव ऐकू येतो.

घाटात काटा वर-खाली होतो. बिघाड आहे का?

नाही. चढावर पेट्रोल टाकीच्या मागच्या बाजूला जातं, उतारावर पुढे येतं आणि फ्लोट एकाच जागी असतो. खंबाटकी किंवा आंबा घाट चढताना काटा पाव टाकी जास्त दाखवतो नि सपाटीला आला की खाली येतो, हे चालायचंच. आकडा सपाट रस्त्यावर, दोन मिनिटं सरळ चालल्यावरच खरा धरा. मात्र घाटाच्या पायथ्याशी काटा रिझर्व्हजवळ असेल तर वर पंप मिळेल या भरवशावर चढू नका.

फुल केल्यावर बराच वेळ काटा हलत नाही, मग भराभर उतरतो. असं का?

टाकी गळ्यापर्यंत भरली की फ्लोट वरच्या टोकाला टेकतो आणि त्यावरचं काही लिटर पेट्रोल संपेपर्यंत तिथेच राहतो. शिवाय टाकी चौकोनी डबा नसते. खाली ती निमुळती किंवा एक्झॉस्टला जागा देण्यासाठी खोबणी पाडलेली असते, त्यामुळे तेवढ्याच पेट्रोलमागे पातळी खाली जास्त वेगाने घटते. 'किती किलोमीटर जाईल' हा स्क्रीनवरचा आकडाही याच सेन्सरवर आणि तुमच्या अलीकडच्या अॅव्हरेजवर चालतो. काटा खोटा असेल तर तो आकडाही खोटा, हे विसरू नका.

रिझर्व्हचा दिवा मात्र बऱ्याच जुन्या गाड्यांत वेगळ्या मण्यावर, म्हणजे तापमानाप्रमाणे रेझिस्टन्स बदलणाऱ्या छोट्या सेन्सरवर चालतो. तो मणी पेट्रोलमध्ये बुडालेला असताना थंड राहतो. पेट्रोल खाली गेलं की उघडा पडून तापतो, त्याचा रेझिस्टन्स घटतो आणि दिवा लागतो. म्हणून काटा बंद पडला तरी तो दिवा खरा सांगत असू शकतो. काट्याची दुरुस्ती होईपर्यंत टाकी एकदा फुल करून ट्रिप मीटर शून्य करायचा आणि किलोमीटरवर हिशेब ठेवायचा, हा सर्वात सुरक्षित मार्ग.

टाकीतलं युनिट मी स्वतः काढू का?

अनुभव नसेल तर नको. हे मी मनापासून सांगतोय. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती गाडीच्या तळाशी, गॅरेजच्या फरशीवर साचते आणि लांबच्या ठिणगीनेही पेटते. ज्यांना सवय आहे त्यांनीही टाकीत पावापेक्षा कमी पेट्रोल उरल्यावर, बॅटरीची निगेटिव्ह काढून, उघड्यावर काम करावं. इंजेक्शनच्या गाडीत लाईनमधलं प्रेशर आधी सोडावं. युनिटची लॉक रिंग लोखंडी छिन्नी-हातोड्याने ठोकू नये, पितळी किंवा लाकडी तुकडा वापरावा. बसवताना रबरी ओ-रिंग नवीच घालावी, जुनी फुगलेली असते नि पुन्हा नीट बसत नाही. शेजारी एलईडी टॉर्च ठेवा, उघड्या बल्बचा हँडलॅम्प नको.

इथेनॉलच्या पेट्रोलमुळे काटे बिघडतात का?

२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल २०२३ पासून पंपांवर येऊ लागलं, तेव्हापासून हा प्रश्न सारखा येतो. इथेनॉल पाणी शोषून घेतं आणि जुन्या, उघड्या पट्टीच्या युनिटवर गंज चढायला ते हातभार लावू शकतं, एवढं खरं. गाडी आठवडेच्या आठवडे उभी असेल तर जास्तच. पण प्रत्येक पडलेल्या काट्याचा दोष इथेनॉलवर टाकला तर तुटलेली अर्थची वायर तशीच राहते. आधी वरच्या चाचण्या करा.

इंधनातल्या एखाद्या घटकाने काटे सरसकट बिघडल्याचं उदाहरण मात्र आहे. मे २००४ मध्ये अमेरिकेच्या दक्षिण भागात जास्त गंधक असलेलं पेट्रोल पंपांवर गेलं आणि त्याने युनिटमधले चांदीचे कॉन्टॅक्ट खाल्ले. टाकी रिकामी असताना फुल दाखवणाऱ्या गाड्या रस्त्यात बंद पडल्या. चांदीवर गंधकाचा काळा थर चढतो हे घरातल्या भांड्यांवरही दिसतंच.

सीएनजी रात्री फुल भरला, सकाळी एक दिवा कमी. गॅस गळतोय का?

बहुधा नाही. सीएनजीचे दिवे गॅसचं प्रेशर मोजतात, किती किलो गॅस आहे ते मोजत नाहीत. २०० बारपर्यंत भरताना सिलिंडरमधला गॅस तापतो आणि रात्रभरात गार झाला की प्रेशर आपोआप उतरतं. गॅस तेवढाच असतो. पुण्या-मुंबईच्या पंपांवर दुपारच्या उन्हात भरणाऱ्यांना हे जास्त जाणवतं. पण वास येत असेल, किंवा दोन-तीन दिवस गाडी न चालवताही दिवे उतरत गेले, तर गाडी उघड्यावर ठेवा, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा आणि अधिकृत सेंटरलाच दाखवा.

बाहेरून किट बसवलेल्या गाडीत पेट्रोलचा काटा अचानक बिघडला तर किट बसवताना जोडलेल्या वायरी आधी बघा. नुसत्या पिळून टेप गुंडाळलेल्या जोडण्या तिथे हमखास सापडतात.

तापमानाचा काटा लाल पट्ट्यावर गेला. काटा खोटा की इंजिन खरंच गरम?

गाडी थांबेपर्यंत तो खराच धरा. इथे संशयाचा फायदा काट्याला द्यायचा. पेट्रोलचा काटा चुकला तर फार तर रस्त्यात अडकाल, या काट्याकडे दुर्लक्ष केलं तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाखालचं, म्हणजे हेडखालचं सील) जातं, हेड वाकतं आणि खर्च इंजिन उघडण्यापर्यंत पोचतो.

एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा जोरात ठेवा, सुरक्षित जागा दिसताच बाजूला घ्या. वाफ येत असेल किंवा खाली कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) सांडत असेल तर इंजिन लगेच बंद. रेडिएटरचं झाकण गरम असताना कुणी कितीही घाई केली तरी उघडू देऊ नका. झाकणाच्या दाबामुळे आतलं पाणी १०० अंशांवरही उकळत नाही, सुमारे १२० पर्यंत थोपवून धरलेलं असतं. झाकण सैल झालं की ते सगळं एकदम उकळून तोंडावर येतं. किमान अर्धा तास जाऊ द्या.

मग बघा: रिझर्व्ह बाटलीत कूलंट आहे का, रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) हात न लावताही आच जाणवेल इतका गरम आहे का, रेडिएटरचा पंखा फिरत होता का. कूलंट पातळीवर आहे, पंखा नीट, वास नाही, वाफ नाही, आणि चावी ऑन करताच थंड इंजिनावरही काटा सरळ लालवर उडी मारतो, तर मग दोष वायरीचा किंवा सेन्सरचा. थंड इंजिन काही सेकंदांत गरम होत नाही. बहुतेक वेळा सेन्सरची वायर कुठेतरी सोलून इंजिनाला टेकलेली असते. सेन्सरमधला मणी गरम झाला की त्याचा रेझिस्टन्स घटतो, म्हणून वायर अर्थ झाली की मीटरला वाटतं इंजिन तापलंय. वायर काढली की काटा थंडकडे जायला हवा. गेला, तर सेन्सर खराब. नाही गेला, तर वायर कुठेतरी टेकलीय.

एक धोकादायक प्रकार मुद्दाम सांगतो. इंजिन तापून काटा वर चढला आणि मग अचानक खाली आला तर हुश्श करू नका. कूलंट वाहून गेलेलं असतं आणि सेन्सर पाण्यात नसून मोकळ्या जागेत लटकत असतो, म्हणून काटा गार दाखवतो. त्याच क्षणी इंजिन बंद करा.

तापमानाचा काटा कायम मध्यावर असतो, जराही हलत नाही. तोही बिघाड का?

गाडी गरम झाल्यावर मध्यावर स्थिर राहत असेल तर ठीक आहे. बऱ्याच कंपन्यांनी तो मुद्दाम तसाच केलाय. साधारण ८० ते १०५ अंशांपर्यंत काटा एकाच जागी ठेवतात, म्हणजे सिग्नलला थांबल्यावर थोडा चढ-उतार बघून कुणी घाबरत नाही. तोटा असा की काटा मध्यावरून हलला म्हणजे वेळ आधीच कमी उरलेला असतो. आता तर अनेक छोट्या गाड्यांत काटाच नाही, थंड असताना निळा दिवा आणि तापल्यावर लाल. घाट आणि उन्हाळा दोन्ही नेहमीचे असतील तर ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणाऱ्या छोट्या यंत्रावर) खरा आकडा बघण्याची सवय लावून घ्यावी असं माझं मत आहे.

तासभर चालवूनही काटा थंडाच्या वर येत नसेल आणि हीटरलाही कोमटच हवा येत असेल तर काटा खरं सांगतोय, थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंटची वाट बंद ठेवणारी झडप) उघडा अडकलाय. काहीजण तो काढूनच टाकतात. मग इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जास्त पितं.

पेट्रोल आणि तापमान, दोन्ही काटे एकाच वेळी जास्त दाखवतात. असं कसं?

जुन्या गाड्यांत हे दोन्ही काटे एका छोट्या व्होल्टेज स्टॅबिलायझरवर चालतात. बॅटरीचा व्होल्टेज चार्जिंगप्रमाणे १२ ते १४ च्या पुढे हलत असतो, तो काट्यांना चालत नाही, म्हणून क्लस्टरमागचा स्टॅबिलायझर त्यांना स्थिर, कमी व्होल्टेज देतो. ब्रिटिश गाड्यांत तो सरासरी १० व्होल्ट, जुन्या जपानी मीटरमध्ये ७ च्या आसपास असतो. त्याचे पॉइंट (आतले उघड-बंद होणारे कॉन्टॅक्ट) चिकटले, किंवा त्याचं स्वतःचं अर्थिंग सुटलं, की पूर्ण बॅटरी व्होल्टेज काट्यांवर जातो आणि दोन्ही वर चढतात. पॉइंट उघडे राहिले तर दोन्ही खाली पडतात. जुन्या अँबॅसिडर जपणाऱ्यांना हा बिघाड ठाऊक असेल. स्टॅबिलायझर बदलण्याआधी त्याचा अर्थचा स्क्रू काढून, गंज खरवडून पुन्हा घट्ट बसवा. बरेचदा तेवढ्यावर भागतं.

अर्थिंग खराब आहे हे ओळखायचं कसं?

सर्वात सोपी खूण: इंडिकेटर लावला की काटा त्याच तालावर हलतो, किंवा हेडलाइट लावले की काटा सरकतो. म्हणजे दिव्यांचा करंट परत जायला नीट रस्ता नाही आणि तो मीटरच्या वाटेने शिरतोय.

पक्कं करायचं तर मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल प्रोब क्लस्टरच्या अर्थ वायरीला. चावी आणि हेडलाइट ऑन. ०.१ व्होल्टच्या आत आलं तर उत्तम. ०.२ च्या वर गेलं तर अर्थचा बोल्ट शोधा, बहुधा तो डॅशबोर्डखाली किंवा बॉडीच्या पत्र्यावर असतो. उघडा, पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, स्टार वॉशर घालून घट्ट करा, वर ग्रीस लावा. कोकणात आणि गोव्यात समुद्राजवळ राहणाऱ्यांनी हे पावसाळा संपल्यावर दरवर्षी करून टाकावं.

एका वायरीचा तापमानाचा सेन्सर स्वतःच्या आट्यांमधून इंजिनाला अर्थ होतो. गळती नको म्हणून आट्यांवर टेफ्लॉन टेपचे वेढेच्या वेढे गुंडाळले तर तोच रस्ता बंद होतो आणि नवा सेन्सर घालूनही काटा कमी दाखवतो.

स्पीडोमीटरचा काटा थरथरतो किंवा बंद पडला.

केबलवाली गाडी असेल तर केबल. आतली तार सुकली की काटा थरथरतो आणि डॅशबोर्डमधून चीं-चीं आवाज येतो. तुटली की वेग आणि किलोमीटर दोन्ही एकदम बंद. तार काढून पुसा, हलकं ग्रीस लावा, पण मीटरकडच्या शेवटच्या काही इंचांना लावू नका. ते वर चढून मीटरच्या आत शिरतं. त्या मीटरमध्ये फिरणारं चुंबक अॅल्युमिनियमच्या वाटीला न टेकता ओढतं आणि केसाइतकी बारीक स्प्रिंग तिला थोपवते. ओटो शुल्झ या जर्मन संशोधकाने १९०२ मध्ये पेटंट घेतलेलीच ही रचना, आणि शतकभर ती टिकली.

केबल नसलेल्या गाडीत गिअरबॉक्सवर वेगाचा सेन्सर असतो किंवा चाकांच्या एबीएस (ब्रेक लावताना चाकं अडकू न देणारी यंत्रणा) सेन्सरवरून वेग घेतला जातो. एबीएसचा दिवाही लागलेला असेल तर चाकाजवळच बघा: चिखलाने माखलेला सेन्सर, किंवा बेअरिंगच्या कामानंतर ओढली गेलेली वायर.

१ जुलै २०१९ पासून बनलेल्या गाड्यांत ताशी ८० च्या वर अधूनमधून आणि १२० च्या वर सतत वाजणारी वेगाची सूचना असते. गाडीला वेगच कळत नसेल तर तीही गप्प बसते, इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग जड किंवा नको तेवढं हलकं वाटू शकतं. म्हणून हे काम लांबवू नका.

मोबाइलवरचा वेग मीटरपेक्षा कमी दिसतो. कोण खरं?

सरळ, मोकळ्या रस्त्यावर स्थिर वेगाने जात असाल तर मोबाइल. मीटर मुद्दाम थोडं जास्त दाखवतं. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमानुसार ते खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू नये, जास्तीत जास्त दहा टक्के अधिक ४ किलोमीटर इतकं वर चालतं. म्हणजे खरा वेग १०० असताना ११४ पर्यंत. मोठ्या व्यासाचे टायर घातले असतील तर मात्र उलटं होतं. पाच टक्के मोठा टायर आणि काटा ८० वर, तर रस्त्यावरचा वेग ८४ धरा आणि मीटरने मुळात किती वाढवून दाखवलं होतं ते त्यातून वजा करा.

ऑईलचा दिवा चालू गाडीत लागला. सेन्सर खराब असेल ना?

असेलही. पण आधी इंजिन बंद, मग विचार. डिपस्टिकने ऑईल बघा. पातळी बरोबर असली तरी प्रेशर नसू शकतं, म्हणून टोइंगने न्या आणि गॅरेजमध्ये खऱ्या प्रेशर गेजने मोजून घ्या. प्रेशरचा सेन्सर, म्हणजे स्विच खराब निघाला तर आनंदच आहे, तो स्वस्त असतो.

डॅशबोर्डवर टिचकी मारली की काटे चालू होतात. यावर उपाय?

क्लस्टरच्या सर्किट बोर्डावर कुठेतरी सोल्डर तडकलंय. ड्राय सोल्डर म्हणतात ते हेच. भिंगातून बघितलं तर कपलरच्या पिनेभोवती बारीक गोल चीर दिसते. पिनेवर सोल्डरिंग पुन्हा केलं की काम संपतं. चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन नसेल तर मोबाइल किंवा टीव्ही दुरुस्त करणारासुद्धा हे सफाईने करतो. जुन्या मीटरमागे प्लास्टिकच्या पातळ पट्टीवर छापलेलं सर्किट असतं आणि काटे तिच्यावर छोट्या नटांनी बसवलेले असतात. ते नट सैल होतात, नुसते हलक्या हाताने आवळले तरी काटे बोलायला लागतात.

क्लस्टर काढण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढून काही मिनिटं थांबा. पिवळा कपलर दिसला की तो एअरबॅगचा, त्याला हात लावायचा नाही.

गाडी पंधरा दिवस उभी होती, आता दोन काटे आणि एक दिवा बंद.

उंदीर. बॉनेट उघडून बॅटरीच्या मागे आणि इंजिनाच्या वायरिंगवर टॉर्च मारा. कुरतडलेल्या कव्हरचे तुकडे, लेंड्या दिसतील. तुटलेली वायर टेपने गुंडाळू नका, सोल्डर करून वर हीट-श्रिंक नळी चढवा. पावसाळ्यात दुसरा संशयित म्हणजे वायपरखालची जाळी. तिथे पानं साचून पाण्याची वाट तुंबली की पाणी डॅशबोर्डखाली, थेट कपलरवर उतरतं.

नव्या गाडीत काट्याची चाचणी कशी करायची?

बल्ब आणि तारा बाजूला ठेवा. एप्रिल २०१३ नंतरच्या गाड्यांत ओबीडी-दोनचा पोर्ट स्टिअरिंगखाली असतो. साध्या ब्लूटूथ स्कॅनरने इंजिनाच्या संगणकाला दिसणारं तापमान आणि वेग मोबाइलवर येतो. स्कॅनरवर ९२ अंश आणि काटा थंडावर, तर सेन्सर चांगला, दोष क्लस्टरचा. स्कॅनरवर उणे ४० आणि काटाही थंडावर, तर सेन्सरची वायर तुटलीय. स्कॅनरवर दिसणारे बिघाडाचे कोडही वाचा: पी-०४६० ते ०४६४ इंधनाच्या पातळीचे, पी-०११५ ते ०११९ कूलंटच्या तापमानाचे, पी-०५०० वेगाच्या सेन्सरचा, यू-०१५५ म्हणजे क्लस्टरशी संपर्क तुटलाय. कोड म्हणजे त्या सर्किटात दोष आहे इतकंच. सेन्सरच बदला असं तो सांगत नाही, हे मेकॅनिकलाही न रागावता सांगा.

इंजिनाच्या संगणकाचा दोन वायरींचा सेन्सर मल्टीमीटरने तपासता येतो. बहुतेकांत २० अंशांना दोन ते तीन हजार ओहम आणि ८० अंशांना सुमारे तीनशे ओहम येतात. त्या वायरी मात्र कधीही अर्थ करून बघू नका.

क्लस्टर बदलणं भागच आहे. जुन्या बाजारातला चालेल का?

मॉडेल, इंजिन आणि व्हेरिएंट तिन्ही जुळत असेल तर चालतो, पण त्याच्याबरोबर दुसऱ्या गाडीचे किलोमीटर येतात. काही गाड्यांत इमोबिलायझर (खरी चावी ओळखल्याशिवाय गाडी सुरू होऊ न देणारा भाग) हाही क्लस्टरमध्येच असतो आणि कोडिंग न करता बसवला तर गाडी सुरूच होत नाही. बसवण्याआधी जुन्या मीटरच्या आकड्याचा फोटो काढा. बिलावर जुन्या मीटरचा आकडा, नव्या मीटरचा आकडा, बदलल्याची तारीख आणि कारण लिहून, सही-शिक्का घ्या. शक्य असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून खरा आकडा नव्या क्लस्टरमध्ये चढवून घ्या. गाडी विकताना हे बिल खरेदीदाराला स्वतःहून दाखवा आणि एक प्रत सर्व्हिस बुकात लावून ठेवा.